अर्धा आटा सैल

आज वारा फार आहे म्हणून नदीवर जाणं रद्द झालं. एवढी सवड मिळाली म्हणून बोलतेय, नाहीतर मी बोलले नसते. मी रेडिओच्या इशाऱ्यावर धावणारी छोटी गाडी. लांबीला हातभर, वजनाला लहानशा कलिंगडाएवढी. वय चाळीसच्या आसपास. माणसाचं चाळीस म्हणजे काही फार नाही. प्लॅस्टिकचं फार आहे.

मी जन्मले ती सुट्या भागांत. डोंगरापलीकडच्या शिझुओका शहरातल्या एका कारखान्यातून पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून याइझू बंदरावर आले, तेव्हा माझी चाकं एका पिशवीत होती, आस दुसऱ्या पिशवीत आणि स्क्रू तिसऱ्या. मला जोडलं इसोगाईनं. तो गावातल्या बसचा ड्रायव्हर. नऊ संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला जोडत बसला होता. जेवायची ताटं मांडायला जागा नाही म्हणून त्याची बायको हात्सुए रोज कुरकुरायची, आणि रोज त्याच्या खांद्यावरून वाकून बघायची.

हात्सुए मासळी सुकवण्याच्या कारखान्यात कामाला होती. मला रंग कोणता द्यायचा हे तिनंच ठरवलं. पाठ निळी, पोट चंदेरी, दोन्ही बगलांना काळ्या रेघा. कारखान्यात रोज हाताखालून जाणाऱ्या माशासारखी. तेव्हापासून माझं नाव मासळी.

इसोगाईची एक सवय होती. स्क्रू आवळून झाला की तो बारीक कुंचल्यानं स्क्रूवरून शेजारच्या भागावर एक लाल रेघ ओढायचा. बसच्या नटांनाही तो अशीच रेघ ओढायचा. रेघ सरळ दिसली की नट जागेवर आहे. रेघ तुटली की कुठंतरी काहीतरी हललंय. "लोकांचा जीव असतो रे यावर," तो म्हणायचा. माझ्यावर कुणाचा जीव नव्हता, तरी मला रेघा मिळाल्या.

त्याचा जिवलग दोस्त कागेयामा. सायकलच्या दुकानाचा मालक. त्यानंही माझ्याच साच्यातली एक लाल गाडी आणली. दर रविवारी दोघं नदीच्या पुलाखालच्या वाळूच्या मैदानात आम्हाला पळवायचे. बाकावर हात्सुए आणि कागेयामाची बायको सुमि. त्या दोघी भाताचे गोळे खात, नवऱ्यांकडे न बघता, साऱ्या गावाच्या गोष्टी बोलायच्या. मला वाटतं, त्या मैदानावर खरी मैत्री त्या दोघींचीच होती.

इसोगाई आठवडाभर बस इतकी हळुवार वळवायचा की म्हाताऱ्यांच्या पिशवीतला मऊ तोफू हलायचा नाही. रविवारी मात्र तो मला उधळून द्यायचा. मी उडायचे, आपटायचे, कोलांटी खाऊन पुन्हा पळायचे. कागेयामाचा हात दुरुस्तीत सोन्यासारखा होता, पण चालवण्यात त्याला यश नव्हतं. तीन वर्षांत तो आमच्यापुढे एकदाही आला नाही.

"काय रे, मासळी ताजी आहे ना आज?" तो विचारायचा.

"ताजी आहे. तू तिच्या शेपटीचा फोटो काढून ठेव. दिसते ती तेवढीच तुला."

हसायचे दोघं. कागेयामा जरा जास्त जोरात हसायचा. मी टेबलावर जवळच ठेवलेली असायचे, म्हणून मला ते ऐकू यायचं.

चौथ्या वर्षी शरद ऋतूत मोठी शर्यत ठरली. जिंकेल तो तोक्योच्या स्पर्धेला जाणार. शेवटच्या फेरीआधी गाड्या टेबलावर ओळीनं ठेवल्या होत्या. इसोगाई दोघींसाठी तव्यावरच्या गरम नूडल्स आणायला गेला. कागेयामा टेबलाशी आला. इकडे तिकडे पाहिलं. माझ्या मोटरवरचं झाकण काढलं. मोटरच्या दांड्यावर एक पितळी दातेरी चाक असतं, नखाएवढं. ते एका बारीक स्क्रूनं धरलेलं असतं. तो स्क्रू त्यानं अर्धा आटा सैल केला. फक्त अर्धा. झाकण पुन्हा लावलं.  

पहिल्या दोन चकरांत मी पुढे होते. तिसऱ्या चकरेत ते चाक दांड्यावर सरकलं. मोटर नुसतीच किंचाळत फिरत राहिली, आतले दाते खरवडून निघाले, आणि मी वळणावर उभी राहिले. लाल गाडी शेजारून गेली. कागेयामा तोक्योला गेला, तिथं पहिल्याच फेरीत हरून परत आला.

 शर्यतीच्या संध्याकाळी इसोगाईनं घरी येऊन मला उघडलं, दिव्याखाली धरलं, बराच वेळ बघितलं. मग कशालाही हात न लावता झाकण बंद केलं आणि मला बॅटरीसकट खोक्यात घालून कपाटात ठेवलं, गाद्यांच्या मागे. त्यानंतर तो मैदानावर गेला नाही. गाव म्हणालं, हार पचली नाही ड्रायव्हरला.

कपाटात मी तेहेतीस वर्षं होते. त्यावर फार काही सांगण्यासारखं नाही. पहिल्या काही वर्षांत बॅटरी फुटली आणि तिचा पांढरा-हिरवा क्षार माझ्या तारांत शिरला. वंगण सुकून मेणासारखं झालं. टायर ज्या बाजूवर टेकले होते त्या बाजूनं चपटे झाले. सुरुवातीला दार उघडलं की मला वाटायचं, आता काढतील. मग वाटेनासं झालं. वाट बघण्यानं जेवढी झीज होते तेवढी धावण्यानं होत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

मग एका सकाळी हात्सुएनं मला बाहेर काढलं. ती म्हातारी झाली होती. इसोगाई तर फारच. त्याला झटका येऊन गेला होता. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द अडकून अडकून येणारे. इस्पितळातल्या बाईंनी सांगितलं होतं, डाव्या हाताला काम द्या, आवडीचं काहीतरी. त्यावर त्यानं कपाटाकडे बोट दाखवलं होतं.

हात्सुएनं मला कापडात गुंडाळलं आणि थेट कागेयामाच्या दुकानात नेलं. आता तिथं सायकली दोन-चारच होत्या. भिंतभर माझ्यासारख्या जुन्या गाड्या होत्या, कुणाचं चाक निखळलेलं, कुणाची टोपी, म्हणजे वरचं कवच, फुटलेली. जुन्या रेडिओ-गाड्या जिवंत करणारा म्हणून त्याचं नाव झालं होतं. लोक सेंदाईहून, नागोयाहून खोकी पाठवत. सुमि जाऊन सहा वर्षं झाली होती.

हात्सुएनं कापड सोडलं. कागेयामानं मला बघितलं आणि तो खुर्चीत बसला.

"होईल का नीट?" तिनं विचारलं. "त्याला एका हातानं चालवता आली पाहिजे."

"ठेवून जा, वहिनी."

"ठेवून नाही जाणार. बसते मी."

ती रोज यायची आणि बसायची. त्यानं माझा एकेक भाग सुटा केला. क्षार दात घासायच्या ब्रशनं घासून काढला. माझे पुढचे हात, म्हणजे चाकं धरणारे दांडे, इतके ठिसूळ झाले होते की दाबले तर तुटले असते. "उकळायला हवेत," तो म्हणाला. "असलं प्लॅस्टिक पाणी प्यालं की पुन्हा लवचीक होतं. मोठं पातेलं आहे का?"

"माझं नूडल्सचं पातेलं मागताय?"

"धुऊन देईन."

"धुऊन नको, नवीनच द्या."

दोघं हसले. मी उकळत होते. चाळीस वर्षांत त्याच्याइतकं सुखाचं मला काही झालेलं नाही.

मोटरवरचं झाकण त्यानं सगळ्यात शेवटी काढलं. बरेच दिवस टाळत होता. आत पितळी चाक तसंच सरकलेलं होतं. स्क्रूवर लाल रेघ होती, आणि ती तुटलेली होती.

"वहिनी, इकडे बघा."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"ही रेघ सरळ असायला हवी. अर्धा आटा फिरली आहे." त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मी फिरवली. त्या दिवशी. तुमच्यासाठी नूडल्स आणायला गेला होता तो, तेव्हा."

हात्सुए हातातला चहा पीत राहिली. "ठाऊक आहे," ती म्हणाली.

"तुम्हाला?"

"त्याला. त्याच संध्याकाळी दिसलं त्याला. मला दाखवलं. म्हणाला, येईल कागेयामा, बोलेल आपणहून. आधी म्हणाला आठवडाभरात येईल. मग म्हणाला, नववर्षाला येईल. मग म्हणायचं सोडलं."

"मग तो का नाही आला विचारायला?"

"तुम्ही का नाही गेलात सांगायला? मला विचारू नका. तुम्ही दोघं मूग गिळून बसलात आणि भोगलं आम्ही." तिनं कप ठेवला. "सुमि गेली तेव्हा मी शेवटच्या रांगेत उभी होते. उदबत्ती लावली आणि परकी बाई निघावी तशी निघून आले. आमचं शेवटचं बोलणं भाजीच्या दुकानात झालं. यंदा मुळा कडू निघतोय, म्हणाली. हो, म्हटलं मी. एवढंच."

कागेयामानं मान खाली घातली. "माफी मागायला तोंड नाही मला."

"माझ्याकडे मागू नका. मी अजून दिलेली नाही. आणि आधी गाडी पुरी करा. नुसती माफी घेऊन गेलात तर तो हातात काय धरणार?"

त्यानं मला पुरी केलं. नवी दातेरी चाकं, नव्या तारा, नवे टायर. हातात धरायच्या पेटीवर पूर्वी दोन दांड्या असायच्या, एक वेगाची आणि एक वळणाची. त्यानं दोन्ही कामं एकाच दांडीवर आणली, डाव्या अंगठ्यासाठी. स्क्रू आवळला. लाल रेघ मात्र ओढली नाही. बहुधा तो अधिकार आपला नाही असं त्याला वाटलं असावं.

रविवारी सकाळी आम्ही नदीवर गेलो. इसोगाई घडीच्या खुर्चीत. कागेयामा त्याच्यासमोर उभा राहिला आणि कमरेत वाकला.

"इसोगाई, तो स्क्रू मी सैल केला होता."

इसोगाईचे ओठ हलले. गंजलेला नळ सोडल्यासारखा शब्द आला. "उ... शीर."

"हो. झाला उशीर."

"तेहे... तीस."

"तेहेतीस वर्षं."

मग इसोगाईनं अंगठा दांडीवर ठेवला. मी निघाले. वाळूतून एक वाकडी फेरी घेतली आणि थेट कागेयामाच्या नडगीवर आदळले. मला वाटलं, हात चुकला. मी मागे गेले, वळले, आणि पुन्हा त्याच नडगीवर. आता मला कळलं. कागेयामालाही कळलं असणार, कारण तो पाय न हलवता उभा राहिला. तिसऱ्यांदा इसोगाईनं मला लांबून आणलं, होता नव्हता तेवढा वेग देऊन. माझा पुढचा उजवा हात कडकन मोडला.

"अहो, पुरे!" हात्सुए ओरडली.

इसोगाई हसत होता, अर्ध्या चेहऱ्यानं. कागेयामा वाळूत बसला, नडगी चोळली आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"मोडलास तिचा हात."

"कर... नीट," इसोगाई म्हणाला.

त्याला आता तिसरं वर्ष चाललंय. दर रविवारी इसोगाई मला आपटतो आणि आठवडाभर कागेयामा मला जोडतो. टोपी तीनदा बदलली, मोटर दोनदा. माझ्यात माझं असं आता फारसं उरलेलं नाही. मधला तक्ता आणि थोडे स्क्रू. मागे एक गृहस्थ आले होते, जुन्या गाड्या काचेच्या कपाटात मांडणारे. मला मूळ रूपात सजवून ठेवतो म्हणाले. इसोगाई म्हणाला, "नको." मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी गेले असते. थकले आहे मी. काचेआड धूळ नसते, म्हणतात.

पण खरं सांगते, ते दोघं माझ्याशिवाय बोलतच नाहीत. 'डावीकडे ओढतेय', 'टायर घासलाय', 'हळू घे, गाढवा'. एवढंच त्यांचं बोलणं, आणि ते सगळं माझ्यावरून. हात्सुए बाकावर एकटी असते. शेजारची जागा ती रिकामी ठेवते, पिशवीसुद्धा तिथं ठेवत नाही. तिनं कागेयामाला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. त्याच्यासाठी भाताचा एक गोळा मात्र आणते.

गेल्या थंडीत इसोगाई पुन्हा दोन आठवडे इस्पितळात होता. माझं तेव्हा काहीही मोडलेलं नव्हतं. तरी कागेयामानं मला रोज उघडलं, रोज पुसलं, रोज बंद केलं. इसोगाई परत आला, पण अंगठा आता हळू झालाय. वळण संपल्यावर इशारा येतो. मी पुलाच्या भिंतीवर जाते, आणि दोघं मला दोष देतात. देऊ देत.

मागणं एकच आहे, आणि ते कागेयामाकडे. दुरुस्तीला मी नाही म्हणत नाही. हवं तितकं आपटा, हवं तितकं जोडा. पण ज्या रविवारनंतर इसोगाईची खुर्ची वाळूत पुन्हा कधीच मांडली जाणार नाही, त्या दिवसापासून मला उघडू नकोस. माझं जे मोडलेलं असेल ते मोडलेलंच राहू दे.