बिट्टीचा डावा हात

मित्रांनो, मी एक जुना सीडी प्लेयर आहे. नुसतं गाणं ऐकत पडणाऱ्यांसाठी मला बनवलेलं नाही. कारखान्यात माझ्या अंगावर एक जास्तीचं बटण बसवलं. ते डावीकडे फिरवलं की तबकडीवरचं संगीत संथ होतं, उजवीकडे फिरवलं की वेग घेतं; सूर मात्र जिथल्या तिथे राहतो. अवघड तुकड्याला दोन बाजूंनी खुणा केल्या, की तेवढाच तुकडा मी पुन्हा पुन्हा वाजवतो. शिकणाऱ्याने आधी माझ्यासोबत सावकाश वाजवावं, हात बसला की वेग वाढवावा, यासाठीच माझा जन्म.

मला घेतलं एका व्हायोलिनवादकाने. नाटकगृहाच्या वाद्यवृंदात त्याची उभी हयात मागच्या रांगेत गेली होती. बायको लाँड्रीत इस्त्री करायची. त्यांची एकुलती एक मुलगी व्हायोलिन शिकत होती. घरात तिला बिट्टी म्हणत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खिडकीपाशी मला जागा मिळाली, आणि पोटात बिट्टीच्या धूनसाठी पियानोच्या साथीची तबकडी.

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. बिट्टी माझं बटण मुद्दाम डावीकडे पार टोकाला न्यायची आणि ओरडायची, "बाबा, ऐका ना, पियानोवाला पेंगायला लागला!" बाबाही पोट धरून हसायचे. अडलेली जागा सुटली की ती माझ्या झाकणावर थोपटायची. तिला शिकवणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "यंत्र गुणाचं आहे हो तुमचं." मला कोण आनंद झाला!

मग मोठ्या संगीतशाळेची प्रवेशस्पर्धा जाहीर झाली, आणि घरातलं हसणं आटलं.

बाबांनी बटण उजवीकडे फिरवलं. मूळ वेगाच्याही पुढे नेलं. "इथे जास्त वेगात जमलं, तर तिथे अगदी सोपं जाईल," ते म्हणाले. सर्वांत अवघड तुकड्याला त्यांनी खुणा केल्या. तो तुकडा संपायचा आणि लगेच सुरू व्हायचा. शाळेतून आल्यावर बिट्टी त्यात शिरायची, ती थेट आई जेवणाची ताटं मांडेपर्यंत.

"बाबा, मनगटात कळ येतेय."

"थोडं दुखणारच. माझंही दुखायचं. चल, पुन्हा."

बाई म्हणाल्या, "आठवडाभर व्हायोलिनला हात लावू देऊ नका." बाबांनी बाईंकडची शिकवणीच बंद केली.

एके सकाळी बिट्टीच्या हातून दुधाचा पेला सुटला. आई चिडली नाही. तिने लेकीचं सुजलेलं मनगट पाहिलं आणि भिंतीतून माझी वायर उपटली.

"अहो, पोरीला पेला धरवत नाहीये!"

"स्पर्धा होऊ दे. मग विश्रांतीच विश्रांती," असं म्हणत बाबांनी वायर पुन्हा खोचली. बिट्टीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि व्हायोलिन खांद्यावर घेतलं.

स्पर्धेला मी नव्हतो. नंतर आई शेजारणीला सांगत होती, ते मी ऐकलं. मधल्याच एका जागी बिट्टीची बोटं आखडली. उजवा हात तारांवर गज ओढत राहिला, डावा मात्र हलेना. परीक्षकांनी हात वर करून तिला थांबवलं.

पुढे दवाखाना आला, शस्त्रक्रिया आली. जखम भरली, पण शेवटची दोन बोटं कायमची ताठ राहिली.

एका दुपारी बाबा माझ्यासमोर येऊन बसले. त्यांनी खुणा पुसल्या, बटण डावीकडे जाईल तितकं नेलं आणि हाक मारली, "बिट्टी, ये बाळा. अगदी हळू घेऊ या."

ती दारातच उभी राहिली. तिचा आवाज शांत होता.

"बाबा, कितीही हळू लावलंत तरी बोटं वळत नाहीत."

बाबांनी मला बंद केलं आणि टेबलावर डोकं टेकलं. ती आत निघून गेली.

तेव्हापासून मी कपाटावर आहे. माझ्या झाकणावर धुळीचा थर बसलाय, ती तबकडी अजून पोटातच आहे. मला पुसा, वापरा, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, माझं थांबायचं बटण कुणीही दाबू शकतं. मुलांना मात्र 'दुखतंय' असं तोंडानेच सांगावं लागतं. ते पहिल्यांदा सांगतील, तेव्हाच ऐका.