न लिहिलेलं पत्र

उशीबाईंच्या कारखान्यात दुपारी तीन वाजता जागं राहणं हेच मोठं काम. कारखाना कसला, दोन खोल्या! तिरप्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत राहत, शिलाईमशीन मध्येच थांबे आणि बाईंची मान हळूच छातीवर येई. उशा शिवणाऱ्या बाईला झोप येणार नाही, तर कुणाला येणार? अशाच एका डुलकीनंतर त्यांनी ईमेलवर रविवारचं पत्र सुरू केलं. वाचक आपापली स्वप्नं कळवत, बाई ती निगुतीने लिहून सगळ्यांना पाठवत. वाचक तीनशे बारा. पण निम्म्याहून अधिक उत्तर द्यायचे.

जावईबापू जाहिरातीच्या धंद्यातले. ते म्हणाले, तीनशे म्हणजे दर्यामें खसखस. यादी वाढवा, नाहीतर समोरचं मोठं दुकान तुम्हाला गिळेल. त्यांनी पत्राखाली एक बटण बसवून दिलं: 'मैत्रिणींना बोलवा, छोटी उशी मिळवा.' ते दाबलं की दाबणाऱ्याच्या ईमेलमध्ये साठलेल्या झाडून सगळ्या पत्त्यांवर त्याच्याच नावाने निमंत्रण जायचं. तसं लिहिलं होतं का? होतं की, मुंगीएवढ्या अक्षरांत! बाईंना ते खटकलं. पण जावयाला नाही कसं म्हणायचं?

महिन्याभरात यादी अकरा हजारांवर गेली. बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. डुलकीत मात्र भलतंच दिसू लागलं. अनोळखी माणसं चिखलाच्या पायांनी आत येताहेत, उशांवरून संथ चालताहेत, आणि बाईंकडे कुणी बघतसुद्धा नाही. त्या रविवारी पत्राला चार उत्तरं आली. चारही एकच विचारत होती, मला हे का पाठवता?

मग एका दुपारी गाण्याच्या बाई आल्या. त्या अगदी पहिल्या वाचकांतल्या. त्यांनी सांगितलं की कौतुकापोटी त्यांनी ते बटण दाबलं. वाटलं, दोन मैत्रिणींना जाईल. ते गेलं डॉक्टरांना, घरमालकांना आणि धाकट्या बहिणीलाही. आईच्या आजारपणात या बहिणींचं बिनसलं होतं. आठ वर्षं अबोला होता.

"तिने तासाभरात उत्तर दिलं," गाण्याच्या बाई म्हणाल्या. "'ताई, तुझं नाव दिसलं आणि हातातलं काम गळून पडलं. शेवटी तूच आधी लिहिलंस. रविवारी येते.'"

उशीबाईंचा चेहरा खुलला. "मग चांगलंच झालं की! तिला सांगूच नका."

"ती येतेय ते ताईने अहंकार गिळला असं समजून. मी तो गिळलाच नव्हता हो. तुमच्या त्या यंत्राने माझ्या तोंडचा शब्द परस्पर देऊन टाकला. खरं सांगितलं तर ती पुन्हा दुरावेल, आणि लपवलं तर मी जन्मभर तिच्यासमोर खोटी. कुणाच्या घरात शिरताना आपण कडी वाजवतो ना? मग माणसाच्या नावात शिरताना का नाही?"

उशीबाईंना लाज वाटली, मनापासून वाटली.

त्याच संध्याकाळी त्यांनी जावयाला आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' म्हटलं. अकरा हजार घालवाल, असं ते कळवळून सांगत होते. बाई म्हणाल्या, ते आपले होते कधी? बटण निघालं. गाण्याच्या बाईंना विचारून, आधी त्यांना बहिणीला खरं लिहू देऊन, मग उशीबाईंनी सगळ्यांना पत्र धाडलं: तुमच्या माणसाच्या नावाने आलेलं निमंत्रण त्याचं नव्हतं, चूक माझी, ज्याला यादीत राहायचं असेल त्यानेच 'हो' कळवा. दोनशे एकोणीस 'हो' आले. जुन्यांतलेही काही गेले.

शनिवारी गाण्याच्या बाई बहिणीचं उत्तर दाखवायला आल्या. एकच ओळ होती.

'हे तरी तूच लिहिलं आहेस ना?'

उशीबाईंनी ती पुन्हा पुन्हा वाचली. डोळे भरून आले. आता काय उत्तर देणार, असं त्यांनी विचारलं. गाण्याच्या बाईंनी नकारार्थी मान हलवली; लिहून आता भागणार नव्हतं. त्या उठल्या आणि बसथांब्याकडे निघाल्या. बहिणीचं गाव सहा तासांवर होतं.

मंडळी, अशी बटणं रोज आपल्याही बोटाखाली येतात. ज्याच्या नावाने पत्र जाणार त्याला विचारा, ज्याच्या दारी जाणार त्यालाही विचारा. आपल्या नावाने एकदा खोटं पत्र गेलं, की पुढचं खरं पत्र आपलंच आहे हे पटवायला स्वतः जावं लागतं.