आवाज येऊन राहिला का

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यातली आवाजाची हिरवी पट्टी, खोलीत कुणी बोलत नसतानाही, किंचित वर-खाली होत होती. रागिणीने श्वास रोखून पाहिला. पट्टी खाली बसली. श्वास सोडला, तशी ती पुन्हा थरथरली, मुगाच्या दाण्याएवढी, पण थरथरली. म्हणजे टेबलावर काढून ठेवलेल्या माइकला तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मग शेखरचा, तिच्या नवऱ्याचा, एवढा खणखणीत तास वरूडला का ऐकू जात नव्हता?

"मॅडम, सर नुस्तं तोंड हालवून राहिले," शेजाऱ्याच्या मोबाइलवरून बोलणारे वामनराव स्पीकरवर टाकलेल्या फोनमधून सांगत होते. त्यांची वर्षाली शेखरच्या ऑनलाइन बॅचला होती. तिचा तास वरूडच्या संत्र्याच्या बागेत, बापाच्या फोनवर चाले. "आवाज नाही येऊन राहिला."

"काका, तुमचा फोन म्यूटवर नाही ना?"

"फोन नाही म्यूट. पोरगी म्यूट हाय सकाळपासून. नवा मोबाइल नाही म्हटलं तं फुगून बसली."

"तिले आमी दुरुस्त नाही करत म्हणा," फळ्याजवळून शेखर म्हणाला आणि हसला. कॅमेऱ्यासमोर तो शुद्ध बोले. कॅमेऱ्याकडे पाठ झाली की घरचा होई.

येऊन राहिला... ज्यांच्याकडून ही सगळी यंत्रं घेतली तिथला एक पुण्याचा मुलगा होता. आवाज नाही येऊन राहिला, असं तिने त्याला पहिल्यांदा कळवलं तेव्हा तो गोंधळून म्हणाला होता, येऊन कुठे राहायचं होतं त्याला, मॅडम? ती हसली होती. मग भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना ते तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत गेलं. आपल्याकडे नुसतं येतोय, जातोय होत नाही; राहिल्याशिवाय काही होतच नाही. येऊन राहिली, करून राहिली, सोसून राहिली. जाणारीसुद्धा जाऊन राहिली, असंच म्हणायचं. दाराबाहेर पडतानाही शब्दात एक पाय घरात.

आणि ही खोली. खिडकीला आतून फोम ठोकलेला, त्यावर जुनी सतरंजी. कूलरचा आवाज येतो म्हणून तास चालू असताना कूलर बंद, पंखा बंद. एप्रिल महिना. कॅमेऱ्याच्या चौकटीत फक्त फळा आणि शेखर. चौकटीबाहेर ती, घाम टिपतानाही बांगडी वाजू नये म्हणून दोन्ही हात मोकळे ठेवलेली. कधीपासून बांगड्या घालत नाही मी? आशाबाई, तिच्या सासूबाई, विचारायच्या सुरुवातीला. हल्ली त्याही विचारत नाहीत. ती एम.एस्सी. आहे हे विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ती आवाजवाली मॅडम होती, आणि इथे बसून बसून तिलाही शेखरला 'सर' म्हणायची सवय लागली होती; परवा जेवायला वाढतानासुद्धा तोंडून निघालं, सर, वरण?... तो हसला नव्हता. त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे तिला ललिता मॅडमनी अकोल्याच्या प्रयोगशाळेत शिकवलं होतं. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारेवर कागदाचा चिमुकला तुकडा ठेवायचा, कंप पावणारा नादकाटा पेटीवर टेकवायचा आणि तारेखालची पाचर केसभर सरकवत राहायचं. बाकी सगळं तसंच. एका नेमक्या जागी, तारेला कुणी हात न लावता, कागद उडून पडे. रागिणीने आता वायर बदलली. काही नाही. वायर पुन्हा तीच लावून दुसऱ्या जागी खुपसली. काही नाही. नेट पाहिलं, चांगलं होतं. चित्र स्वच्छ जात होतं, म्हणजे वाट मोकळी होती. फक्त आवाज अडला होता, आणि तो इथेच, या टेबलाच्या आसपास कुठेतरी.

ललिता मॅडमचा काल फोन आला होता. अकोल्याच्या कॉलेजात शिकवायची जागा आहे, तुझ्यासाठी धरून ठेवलीय, उद्या संध्याकाळपर्यंत, म्हणजे आजच, हो किंवा नाही सांग. तिथेच खोली घेऊन राहावं लागेल. मागच्या वर्षीही त्यांनी विचारलं होतं. तेव्हा शेखर म्हणाला होता, ही बॅच संपू दे. त्याचं चुकलं होतं असंही नाही. एक बॅच संपायच्या आत दुसरी सुरू होते, त्याला तो तरी काय करणार. तो वाईट नव्हता. तो वाईट असता तर...

आज तासाच्या मध्यंतरात, रुमालाने मान पुसत, त्यानेच विचारलं होतं, "अकोल्याले काय सांगितलं मग?" आणि ती —

तिचा हात थांबला.

पट्टीच्या शेजारी कर्ण्याचं इवलंसं चित्र होतं. त्यावर लाल रेघ होती. पट्टी हलते ती माइकला काय ऐकू येतं तेवढंच सांगायला. बाहेर काय जातं ते हे चित्र ठरवतं. ते तिनेच बंद केलं होतं. शेखरने विचारलं तेव्हा, उत्तर द्यायच्या आधी, आपलं घरातलं बोलणं पोरांपर्यंत जाऊ नये म्हणून तिने आवाज बंद केला. आणि मग उत्तर दिलंच नाही. पाहू, एवढंसुद्धा म्हणाली नाही. तो उठून फळ्याकडे गेला, तास सुरू झाला, आणि न बोललेल्या वाक्यासाठी घेतलेली ती खबरदारी तशीच राहून गेली. पुढचा सगळा तास तिच्या गप्प बसण्याखाली दबून गेला.

बोलायच्या आधी आवाज बंद करणारी. आजच नव्हे. ही यंत्रं तर आत्ता आली.

"सापडलं का?" शेखरने विचारलं.

"सापडलं." तिने लाल रेघ काढली. "माझ्याकडूनच बंद होतं."

"असू दे, होते असं. बोल काही. वामनराव, ऐकून सांगा."

"हो, हा फोन ठेवतो, तासाच्या फोनले कान लावून हाय मी."

अशा वेळी ती नेहमी 'हॅलो, हॅलो' म्हणे. ते अर्थ नसलेले शब्द जिभेवर आलेही. तिने माइक जवळ ओढला. इथून निघालेला आवाज वरूडला पोहोचायला काही क्षण लागतात, हे तिला माहीत होतं. एकदा निघाला की मग कुठलंही बटण दाबून तो परत घेता येत नाही, हेही. मान खाली घालून शेखर मार्करचं टोपण शोधत होता. तारेवरचा कागद अजून जागेवर होता. पाचर मात्र कुणीतरी केसभर सरकवली होती.

"सर," ती म्हणाली, मग थांबली. "शेखर... मी अकोल्याले जाऊन राहिली."

हिरवी पट्टी वरपर्यंत चढली आणि हळूहळू उतरली. शेखरने मान वर केली. वरूडला अजून काहीच पोहोचलं नव्हतं. तिचा हात बटणापाशी होता, आणि तो तिथे उगाच आहे हे तिला कळत होतं.