डाव्या हातातली पट्टी

सेलेदोनियो सोतेलोला जिवंत असल्याचा दाखला हवा होता. तो मागायला तो सकाळी नऊ वाजता थेट कोर्टाच्या शवागारात आला, कारण विवाहनोंदणीच्या खिडकीतल्या बाईने त्याला झटकून टाकलं होतं. "तुम्हाला ज्यांनी मेलेलं ठरवलं त्यांच्याकडे जा. मी मयत माणसाचं लग्न लावत नसते."

दार ओविदियोने उघडलं. शवागारात तीस वर्षं काढलेला हा मदतनीस सहसा कशाने दचकत नसे. त्याने माणसाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, त्याला बाकावर बसवलं आणि आत जाऊन म्हणाला, "डॉक्टरबाई, गिऱ्हाईक आलंय. या वेळी चालत आलंय."

डॉक्टर नेलिदा बेहारानो हसली. नाव ऐकलं तेव्हा मात्र तिच्या हातातला पेला तसाच राहिला. पुएर्तो आल्गारोबोत न्यायवैद्यक डॉक्टर म्हणून तिला दहा वर्षं झाली होती. सोतेलो हे नाव तिला चांगलं आठवत होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, पाराना नदीला मोठा पूर आला तेव्हा, जलपर्णीच्या एका बेटात अडकलेलं प्रेत मच्छीमारांनी ओढून आणलं होतं. आई येऊन ओळख पटवून गेली होती. कागदावर सही नेलिदाची होती.

बाहेर बाकावर बसलेला माणूस पस्तिशीचा, रापलेला, नवा शर्ट घालून आलेला होता.

"इतकी वर्षं होता कुठे तुम्ही?" तिने विचारलं.

"दक्षिणेला. सफरचंदांच्या बागांत. आईशी भांडलो आणि निघून गेलो."

"नऊ वर्षांत एक पत्र नाही?"

"पहिली दोन वर्षं राग होता, डॉक्टरबाई. मग लाज वाटायला लागली. लाजेत वर्षं फार भराभर जातात." त्याने टोपी गुडघ्यावर फिरवली. "आता लग्न करायचंय. नोर्मा म्हणाली, आधी आईच्या पाया पड, मग मी हो म्हणेन. म्हणून आलो. आईने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा थोबाडीत मारली."

"आणि मग?"

"मग खाली बसली. मग उठून परत मारली."

तो जिवंत आहे हे ठरवायला एक दुपार पुरली. या देशात प्रत्येकाच्या दहाही बोटांचे ठसे सरकारच्या कपाटात असतात. ते काढून जुळवले, न्यायाधीशांकडे पाठवले. खरं काम पुढेच होतं. सेलेदोनियो इथे बसला होता, तर सोतेलोंच्या कबरीत कोण होतं?

नेलिदाने जुनी फाइल काढली. आपलंच गोल, घाईतलं अक्षर. प्रेत बारा-तेरा दिवस पाण्यात होतं. बोटांची टोकं पालोमेता माशांनी खाल्लेली, त्यामुळे ठसे नाहीत. वय साधारण जुळतं. पुढचा एक दात नाही, सेलेदोनियोलाही नव्हता. आणि कमरेला चामड्याचा पट्टा, चांदीच्या बक्कलावर घोड्याचं डोकं. तो पट्टा पाहूनच आई जमिनीवर कोसळली होती. शेवटच्या ओळीत लिहिलेलं होतं: ‘क्ष-किरण तपासणी यंत्र सुरू झाल्यावर करावी.’ रुग्णालयाचं तळघर पाण्याखाली होतं, यंत्रही होतं. आई रोज दारात येऊन बसायची, मुलगा द्या, मुलगा द्या म्हणायची. चौथ्या दिवशी नेलिदाने सही केली होती. यंत्र महिन्याने सुरू झालं. तोवर माती पडली होती.

"पट्टा तुमचाच होता का?" तिने दुसऱ्या दिवशी सेलेदोनियोला बोलावून विचारलं.

"माझाच. दिला मी तो."

"कोणाला?"

"नावाड्याला. पूर चढत होता, फेरीबोट बंद. मला त्याच दिवशी पलीकडे जायचं होतं, रागच तसा होता. कोणी नेईना. शेवटी एक जण म्हणाला, मी तसाही घरी पलीकडेच चाललोय, बस. मध्ये धार लागली तेव्हा मला वाटलं, संपलं. पण त्याने नेलं. माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं, मग पट्टा काढून दिला. त्याने तिथल्या तिथे कमरेला लावला, खूश झाला. म्हणाला, माझं घर जरा वरच्या अंगाला आहे, जातो." सेलेदोनियो बोलता बोलता थांबला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "म्हणजे तो घरी पोचलाच नाही?"

नेलिदाने त्याला तेरेरेचा, तिकडच्या गार चहाचा, पेला दिला. त्याने तो न पिताच बाकावर ठेवला.

"त्याचं नाव?"

"विचारलंच नाही हो. मी आपला माझ्याच रागात." मग तो म्हणाला, "डाव्या हाताने वल्हं जरा वेगळंच धरायचा. मनगट वळायचं नाही नीट. मी म्हटलं, दुखतं का? तर हसला. म्हणाला, पाऊस यायचा असला की दुखतं, बाकी काही नाही."

कबर उघडायला न्यायाधीशांची परवानगी लागली, आणि न्यायाधीश लारोका हे मुळात सावकाश चालणारे गृहस्थ. त्यांनी नेलिदाचा अर्ज चष्मा वर-खाली करत दोनदा वाचला.

"यात तुम्ही ‘माझ्या चुकीमुळे’ असं लिहिलंय."

"झालीच आहे चूक."

"पुराचा काळ होता. आईने ओळख पटवली होती. ‘तत्कालीन परिस्थितीमुळे’ असं लिहा. शोभून दिसतं."

"परिस्थितीने सही केली नव्हती, साहेब. मी केली होती. तपासणी राहिली हे मला माहीत होतं आणि मी ती नंतरही केली नाही. हे लिहिलं नाही तर पुढच्या पुरात दुसरं कोणीतरी हेच करेल."

लारोकांनी तिच्याकडे पाहिलं, ‘तुमची मर्जी’ असं पुटपुटले आणि सही ठोकली. बाहेर पडताना नेलिदाला वाटलं होतं की पाय जड होतील. झालं उलटंच. तिने कोपऱ्यावरच्या बाईकडून चीजचे गरम चिपा पाव घेतले आणि चालता चालता दोन खाऊन टाकले.

कबर उघडायच्या दिवशी सातुर्निना सोतेलो, म्हणजे सेलेदोनियोची आई, सगळ्यांच्या आधी येऊन थांबली होती. सत्तरीची बाई, काठीसारखी ताठ. कबर इतकी स्वच्छ होती की ओविदियो फावडं मारायला कचरला.

"मार रे," ती म्हणाली. "मीच रोज पुसते. उद्या परत पुसेन."

"आजी, तुम्ही सावलीत बसा," नेलिदा म्हणाली. मग तिथेच, फावड्याच्या आवाजात, तिने बोलायचं ते बोलून टाकलं. "मी तुम्हाला चुकीचा माणूस दिला. मला माफ करा."

सातुर्निना जागची हलली नाही. "तू दिलास, पण मीच मागितला होता ना? चार दिवस तुझ्या दारात बसले होते मी. तू तेव्हा किती लहान दिसायचीस! मला वाटायचं, ही पोरगी काय कापणार." ती खड्ड्याकडे पाहत राहिली. "नऊ वर्षं याच्याशी बोलले मी. सगळं सांगितलं. शेजारणीची भांडणं, कोंबड्या, गुडघेदुखी. खरा मुलगा दोन वाक्यं ऐकून घेत नाही. हा ऐकायचा. आता तेवढं शोध, हा कोणाचा आहे ते. कोणीतरी कुठेतरी दारात बसलंच असेल."

हाडं शवागारात आली. नेलिदाने सगळ्यात आधी डावा हात घेतला. माती कोरड्या ब्रशने झाडली, आणि मनगटाच्या वर, हाडाला घट्ट धरून बसलेली बोटभर लांबीची धातूची पट्टी दिसली, सहा स्क्रूंची. इतकी वर्षं मातीत राहूनही चकचकीत.

"ओविदियो, भिंग आण."

भिंगाखाली पट्टीच्या कडेला बारीक आकडे उमटलेले दिसले. ओविदियोने एकेक आकडा मोठ्याने वाचला, तिने लिहून घेतला, मग तिने वाचला आणि त्याने ताडून पाहिला. आकडे संपल्यावर ओविदियो टोपी काढून हाडांकडे पाहत म्हणाला, "बाबा रे, हातात पत्ता घेऊन झोपला होतास, आणि आम्ही विचारलंच नाही."

त्या क्रमांकाच्या पट्ट्या कुठे गेल्या हे शोधायला तीन आठवडे लागले. पलीकडच्या काठावरच्या, म्हणजे दुसऱ्या प्रांतातल्या एका रुग्णालयात त्या गठ्ठ्यातल्या सात पट्ट्या बसवल्या होत्या. तिथल्या दफ्तरातल्या बाईने फोनवर सातही नावं वाचली. नेलिदाने एकेकाला फोन लावायला घेतला. पहिला शेतावर होता. दुसरीने हात उत्तम आहे, आभारी आहे, असं सांगून आणखी दोन दुखणी ऐकवली. सहा जण मिळाले. सातव्या नावाचा फोन बंद होता: इरेनेओ मायदाना, मच्छीमार. त्याच्या बहिणीने पुराच्या वर्षी पोलिसांत तक्रार दिली होती. तिच्या काठावर तक्रार, या काठावर प्रेत. मधली नदी दोन तासांची, पण तो कागद ती कधी ओलांडू शकला नव्हता.

बहीण हेर्मिनिया मायदाना पलीकडच्या गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. नेलिदा स्वतः तिच्याकडे गेली. गालाच्या आतून कापसाच्या काडीवर लाळ घेतल्यावर हेर्मिनियाने विचारलं, "एवढ्याशा थुंकीवरून भाऊ कळतो?"

"कळतो. सहा आठवडे लागतात."

"नऊ वर्षं लागली, सहा आठवड्यांचं काय!" आणि थोड्या वेळाने, "लोक म्हणायचे, बाईच्या नादाने पळून गेला. मी म्हणायचे, माझा भाऊ ताटावरून उठताना सांगून उठतो, तो न सांगता जाईल?"

अहवाल आला. मांडीच्या हाडातून काढलेला नमुना आणि बहिणीचा नमुना, शंकेला जागा नाही. नेलिदाने नवा दाखला लिहिला, त्यात आपली जुनी चूकही नोंदवली. या वेळी तिने प्रत्येक ओळ दोनदा वाचली आणि सही सावकाश केली.

हेर्मिनियाला ती फोन करणार होती, इतक्यात सेलेदोनियो आला. त्याला बातमी ओविदियोकडून कळली होती.

"मी नेतो त्याला घरी," तो म्हणाला. "माझ्या मामाची होडी आहे, इंजिनाची. पण पलीकडच्या बाई मला जवळ उभं करतील का, ते माहीत नाही. तो माझ्यासाठी पाण्यात उतरला होता."

"ते त्यांनाच विचारा," नेलिदा म्हणाली आणि फोन त्याच्या हातात दिला.

तो खोलीच्या कोपऱ्यात तोंड करून बोलला. पट्टा, धार, न विचारलेलं नाव, सगळं सांगितलं. मग नुसता ऐकत राहिला. फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तो तसाही घरीच येत होता. म्हणाल्या, तू शेवटचा त्याच्याशी बोललेला माणूस, तू ये आणि मला सगळं पहिल्यापासून सांग. आणि जेवायला किती जण आहात ते विचारलं."

रविवारी सकाळी होडी निघाली. नदी उतरलेली, पाणी तपकिरी आणि मंद, वाळूचे दांडे उघडे पडलेले. सेलेदोनियो इंजिनाशी, त्याच्या शेजारी नोर्मा. तिने हसत सांगितलं की लग्नाची तारीख मिळाली, खिडकीतली बाई या वेळी उठून उभी राहिली होती. पुढच्या टोकाला नेलिदा आणि ओविदियो, मधल्या फळीवर लाकडी पेटी, आणि पेटीवर हात ठेवून सातुर्निना. तिने काळी शाल घेतली होती आणि सोबत घरच्या बागेतली जर्बेराची रोपं घेतली होती, मुळांसकट.

"आजी, तिथे फुलं मिळतात," ओविदियो म्हणाला.

"त्याला ही ओळखीची आहेत," ती म्हणाली.

पलीकडच्या धक्क्यावर वीसेक माणसं उभी होती. हेर्मिनिया पुढे आली, रुंद बांध्याची, पन्नाशीची. तिने पेटीला हात लावला, मग सातुर्निनाला पाहिलं आणि दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. पहिली रडली ती सातुर्निना.

"मी नीट ठेवला हो त्याला," ती म्हणाली. "एक दिवस चुकवला नाही."

"कळलं मला," हेर्मिनिया म्हणाली. "मला वाटायचं, बिचारा कुठेतरी चिखलात एकटा. आणि त्याला इकडे आई मिळाली होती."

दफन झालं, रोपं लागली, मग सगळे हेर्मिनियाच्या अंगणात लांब टेबलांवर बसले. सुरुबी मासा निखाऱ्यांवर भाजला होता, उकडलेला मँडिओका कंद, लिंबू. सेलेदोनियोला हेर्मिनियाने आपल्या शेजारी बसवलं आणि तो सांगत राहिला: इरेनेओ होडीत शीळ घालत होता, कशी ती, धारेत त्याने काय ओरडून सांगितलं. मध्येच कोणी म्हातारा म्हणायचा, "हां, अगदी तसाच!" आणि टेबलभर हसू पसरायचं. सातुर्निना दुसऱ्या टोकाला तीन बायकांना शेजारणीची भांडणं सांगत होती.

नेलिदा आंब्याच्या सावलीत ताट घेऊन बसली होती. हेर्मिनिया तिच्यासाठी आणखी एक तुकडा घेऊन आली.

"डॉक्टरबाई, पोटभर खा. तुमच्या त्या दाखल्यात चूक मान्य केलीत म्हणे. माझ्या भाच्याने वाचून दाखवलं."

"राग आला?"

"आला असता, पण तुम्ही हाडंही आणलीत आणि कारणही. मला बाकीच्यांनी नऊ वर्षं नुसती कारणं दिली." तिने मासा ताटात वाढला. "काटे काढलेत मी. तुमच्या हातांना आज सुट्टी."

नेलिदा मोठ्याने हसली. मासा धुरकट, गोडसर लागत होता. उन्हाचे कवडसे टेबलावर हलत होते, कोणीतरी अकॉर्डियन काढला होता, आणि ओविदियो, तीस वर्षं मेलेल्यांत काढलेला, हेर्मिनियाच्या चुलत बहिणीला नाचायला चला म्हणून विनवत होता. ती नको नको म्हणत उठलीच.