चांगलीच बातमी सांगणारे यंत्र

मित्रांनो, मी रक्तदाब मोजण्याचे एक जुने यंत्र. एक गोल तबकडी, तिच्यावर काटा, एक रबरी फुगा आणि दंडाला गुंडाळायचा निळा पट्टा, एवढाच माझा संसार. बाकीच्या वस्तू आपली गोष्ट छाती पुढे काढून सांगतात. माझी मात्र सांगताना मान वर होत नाही.

जावा बेटावरच्या डोंगरातल्या एका खेड्यात तर्मिनीबाई सरकारी सुईण आहेत. त्यांच्या मोटरसायकलला टांगलेल्या पिशवीत बसून मी अकरा वर्षे चहाच्या मळ्यांतून हिंडलो. कोणा गरोदर बाईचा रक्तदाब वाढला, की माझा काटा इमानाने वर चढे आणि तर्मिनीबाई तिला लगेच शहरातल्या दवाखान्यात धाडत.

मग एका उतरणीवर मोटरसायकल घसरली. बाईंचा गुडघा फुटला आणि मी दगडावर आपटलो. तेव्हापासून पट्टा रिकामा असतानाही माझा काटा शून्यावर न थांबता खाली लोंबू लागला. म्हणजे मी दाखवी तो प्रत्येक आकडा तीसने कमी. बाईंची नजर अधू होत चालली होती आणि दाराशी रांग मोठी असे, म्हणून ते त्यांच्या ध्यानात आले नाही.

गंमत बघा, माझे नाव झाले ते त्यानंतरच! आरोग्य केंद्रातून नवे, बॅटरीवरचे यंत्र आले, तर बायका नाक मुरडू लागल्या.

"ते नको हो बाई, ते मेलं सगळ्यांनाच घाबरवतं. आपलं जुनंच लावा, त्याचा हात हलका आहे."

आणि मी निर्लज्ज त्या कौतुकाने सुखावत होतो. नवे यंत्र कपाटात पडून राहिले.

एके दिवशी कार्सी आपल्या सुनेला घेऊन आली. सून विगाती पहिलटकरीण, सातवा महिना. चेहरा सुजलेला, पायांत चपला शिरत नव्हत्या.

"बाई, डोकं फार ठणकतंय," विगाती म्हणाली. "डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"अगं, पहिल्या खेपेला होतंच असं," सासू म्हणाली. "बाई, उद्या तिचं सातव्या महिन्याचं न्हाण आहे. सात विहिरींचं पाणी आणून ठेवलंय, सगळं गाव जेवायला आहे. उगाच शहरात पिटाळू नका हं!"

बाईंनी पट्टा गुंडाळला. तिची नाडी माझ्यावर हातोड्यासारखी आपटत होती. खरा आकडा एकशेसाठ होता. मी एकशेतीस दाखवला.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "न्हाण होऊ दे, मग आराम कर."

मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. पण बाईंनी मला गुंडाळून पिशवीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी फुलांच्या पाण्याचा तिसरा तांब्या डोक्यावर पडला आणि विगातीला झटके आले. भाजीच्या टेम्पोत घालून तिला शहरात नेले. विगाती वाचली. बाळ वाचले नाही.

दोन आठवड्यांनी तर्मिनीबाई मला घेऊन तिच्या घरी गेल्या. मला तिच्यापुढे ठेवून त्या रडत म्हणाल्या, "हे बिघडलं होतं गं. पण काटा शून्यावर आहे का, हे बघायचं काम माझं होतं."

कार्सीने ओढणीआड तोंड लपवले. विगातीने माझ्याकडे बघितले, मग बाईंकडे.

"बाई," ती हळू म्हणाली, "मी सांगत होते ना, डोकं दुखतंय म्हणून?"

मला त्या क्षणी वितळून जावेसे वाटले.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळच्या वेळी तपासायला धाडा. पण त्याहून कळवळून मागतो ते हे: तुमच्या घरातली गरोदर बाई डोके ठणकते म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे येतात म्हणाली, तिचे तोंड सुजले, तर समारंभ राहू द्या, आकडा काहीही म्हणो, तिला आधी दवाखान्यात न्या. विगाती खरे सांगत होती. पण त्या दिवशी सगळ्यांनी माझे ऐकले.