कोणाचं बघून लिहिलं?

व्याकरणाच्या बाईंना तुर्की व्याकरण जमेना, ही गोष्ट त्यांनी घरी सोडाच, स्वतःपाशीही कबूल केली नव्हती. सूनबाई तुर्की बोलणारी, आणि चिमुरडी नातही आता तेच बोलायला लागलेली. नातीशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून बाईंनी क्लास लावला आणि पहिल्याच दिवशी ऐटीत सांगून टाकलं, "तीस वर्षं व्याकरण शिकवलंय मी." झालं, आता शंका विचारायची सोय उरली नाही.

मराठीत ‘जर’ आणि ‘तर’ कसे सुटे, ऐसपैस बसतात. तुर्कीत मात्र क्रियापदाच्या शेपटाला ‘से’ नाहीतर ‘सा’ चिकटवायचा, की झाली अट. कुठे ‘से’ अन् कुठे ‘सा’, इथेच बाईंचं घोडं अडलं होतं. गृहपाठाची वही कोरी. शेवटी त्यांनी शेजारी बसणाऱ्या प्लंबरच्या वहीत तिरक्या नजरेनं पाहिलं आणि पहिलं वाक्य अर्थ न लावताच उतरवून घेतलं.

तुर्की शिकवणाऱ्या मॅडमनी वाचायला नेमकं त्यांनाच सांगितलं. बाईंनी खणखणीत वाचलं.

मॅडमनी हसू दाबत अर्थ सांगितला, "माझी बायको परत आली, तर मी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करीन."

वर्गात हशा पिकला.

"बाई, कोणाचं बघून लिहिलंत?" मॅडमनी थट्टेनं विचारलं.

हा प्रश्न बाईंचाच होता. कॉपी करणाऱ्याला उभं करायचं आणि ज्याचं बघितलं त्याच्याकडे बोट दाखवायला लावायचं, ही त्यांची तीस वर्षांची शिस्त. त्यांच्या उजव्या हाताचं बोट आपसूक उठलं आणि शेजारी वळलं.

हसणं थांबलं. प्लंबर उभा राहिला.

"माझं आहे. बायको माहेरी गेलीय, वर्ष झालं. तिला तिच्या भाषेत चिठ्ठी लिहायचीय. चुकलंय का, मॅडम?"

"नाही. अगदी बरोबर आहे."

तो बसला. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम फळ्याकडे वळल्यावर त्यानं आपली वही हळूच त्यांच्या बाजूला सरकवली.

"दुसरं घ्या, बाई. त्यात बायको नाही."

बाईंनी उजवा हात मांडीवर घेतला, डाव्या हातानं दाबून धरला आणि क्लास सुटेपर्यंत वर काढला नाही.