गुरुजी गुरगुरत नाहीत

आमच्या प्राणी-निवाऱ्यातल्या रविवारच्या वर्गात शिकवायचे मी, पण सगळे गुरुजी म्हणायचे ते एका कुत्र्याला. अर्धा कान, मानेवर साखळीच्या माराचा जाड वळ, आणि तोंडावर कायम पेपर तपासून कंटाळल्याचा भाव. चावरा म्हणून त्याला इंजेक्शन देऊन संपवणार होते. मी हट्टानं सोडवून आणला. पुन्हा इशारा न देता चावला तर माफी नाही, असं निवाऱ्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं.

सुरुवातीला तो गुरगुरायचा. आया पोरं उचलून पळायच्या. मग मी ती सवय मोडली. गुरगुरला की नाकावर टिचकी आणि वर्गाबाहेर. चार महिन्यांत आवाज बंद. "आमचे गुरुजी गुरगुरतसुद्धा नाहीत," असं मी आल्यागेल्याला सांगायचे आणि सांगताना फुगायचे.

त्या रविवारी दहाबारा पोरं, त्यांचे आईबाप, दोन आजोबा आणि एक वेल्डर असा वर्ग होता. वेल्डर हौसेनं आलेला नव्हता. शेजाऱ्याच्या कुत्र्याचा पाय त्यानं सळईनं मोडला होता, म्हणून कोर्टानं दिलेली चार वर्गांची शिक्षा. सोबत त्याची सात वर्षांची मुलगी. ती पहिल्या रांगेत, तो दाराशी हाताची घडी घालून.

गुरुजींना पायाशी बसवून मी तक्त्यावर बोट ठेवून शिकवत होते. कुत्रा ओठ चाटतो, तोंड फिरवतो, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो, अंग ताठ करतो. म्हणजे त्याला नको आहे. मुलगी बोटांवर मोजून पाठ करत होती.

"बाई, हे सगळं त्या कुत्र्याला माहीत आहे का?" वेल्डर म्हणाला.

लोक खो-खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"या ना पुढे. लावा हात. की सळईशिवाय धीर होत नाही?"

"मला नको."

"पाय मोडताना बरं नको वाटलं नाही!"

आता सगळे त्याच्याकडे बघत होते. तो मुकाट्यानं येऊन गुडघ्यावर बसला. त्याच्या हातांना जळक्या लोखंडाचा वास होता. गुरुजींनी ओठ चाटले. तोंड फिरवलं.

"बाई, त्याला नकोय," मुलगी म्हणाली.

"तू गप्प बस गं."

"डोळा पण पांढरा दिसतोय. आणि हलत नाहीये तो."

मला त्या माणसाला जिंकायचं होतं, बाकी काही दिसत नव्हतं. मी वेल्डरचं मनगट धरलं आणि त्याचा पंजा गुरुजींच्या मानेवर दाबला. नेमका त्या वळावर.

आवाज झालाच नाही. पंजा मानेवर होता, आणि पुढच्या क्षणी तो दातांत होता. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. वेल्डर किंचाळला, लाथा झाडू लागला. गुरुजींनी मान झटकली आणि अंगठ्याजवळचं मांस फाटून लोंबलं. पोरं एकमेकांवर पडत दाराकडे धावली. एक आजोबा रक्तावरून घसरून आपटले.

मी लोखंडी स्टूल उचललं. पहिला घाव पाठीवर घातला. दुसरा बरगड्यांवर. तिसरा जबड्यावर, आणि तेव्हा हात सुटला. चौथ्याची काहीच गरज नव्हती, तरी मी घातला. हे मी कुणापासून लपवणार नाही. गुरुजी रक्त गाळत सरपटत माझ्याच पायांमागे लपायला आले.

डॉक्टर धावत आल्या. नळाखाली वेल्डरचा हात साबणानं धुऊन बांधला, गुरुजींना पिंजऱ्यात ठेवलं, मग कागद पुढे ओढला.

"इशारा दिला होता त्यानं?"

"छे! हूं नाही की चूं नाही," घसरलेले आजोबा म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या. बोलले तर मी अडकत होते, गप्प राहिले तर कुत्रा मरत होता, आणि मी गप्प राहिले.

डॉक्टरांनी औषधांचं कपाट उघडलं.

"दिला होता," मुलगी म्हणाली. रडून तिचा आवाज फाटला होता, तरी तिनं चार बोटं वर केली. "चार दिले. मी सांगितलं, तर बाई म्हणाल्या गप्प बस."

डॉक्टरांनी वेल्डरकडे पाहिलं.

"मी नको म्हणालो होतो," तो म्हणाला. "तोही नको म्हणत होता वाटतं."

"गुरगुरणं मीच मोडलं त्याचं," मी म्हणाले. "टिचक्या मारून. आजही जबरदस्ती मीच केली."

डॉक्टरांनी कपाट लावून घेतलं. "कुत्रा जगेल. पुन्हा वर्गात जाणार नाही. आणि तुम्हीही नाही."

मी पिंजऱ्यापाशी गेले. गुरुजींचा जबडा एका बाजूला लोंबत होता. मी गजांतून हात घालणार, तोच त्या फुटक्या तोंडातून आवाज आला. खर्जातला, घरघरणारा. टिचक्यांनी बंद केल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदाच, आणि माझ्यावर.

सवयीनं माझं बोट टिचकीसाठी वळलं.

"बाई," मागून मुलगी म्हणाली, "मागे व्हा."

मी मागे झाले.